तेजीच्या साली आक्काचं बाळ

निपाणीत त्या साली तंबाखूला असा भाव आला होता, की ओळख नसलेली माणसंसुद्धा रस्त्यात थांबून एकमेकांना तो सांगत. पहिलं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. आमच्या शेठजींनी वखारीला लागून दुमजली घर बांधलं आणि मुंबईहून अमेरिकेची नवी मोटार आणली. शेठाणीनं मोटारीला ओवाळलं, तेव्हा आम्हा कामकरी बायकांना बघायला बाहेर बोलावलं होतं. हातावर एकेक पेढा ठेवला, आणि पुन्हा आत पाठवलं.

माझी थोरली बहीण, आक्का, माझ्या शेजारीच बसून तंबाखू कुटायची. बरीच वर्षं वाट पाहून तिला मुलगी झाली होती. दाजींची पाठ पोती उचलून मोडली होती, ते घरीच असत. आक्का बाळंतपणातून सावरली नव्हती तोवर दिवाणजींचा निरोप आला, "हंगाम हाय. येणार नसशील तर दुसरी बाई लावतो." ती आली. वखारीच्या अंगणातल्या कडुलिंबाला झोळी बांधून बाळाला त्यात निजवलं.

तंबाखूची धूळ आमच्या केसांत, डोळ्यांत, नखांत बसायची. दुपारी आक्का हातपाय धुऊन बाळाला पाजायला घ्यायची. बाळ दोन घोट प्यायचं, तोंड फिरवायचं आणि ओकायचं. मग मान टाकून गप्प पडून राहायचं.

"कडू लागतंय गं तिला," आक्का म्हणाली. "माझ्यातच तंबाखू उतरलाय."

तिनं अंग राखेनं घासलं, शिकेकाईनं न्हाली, तरी काही फरक पडला नाही. गाईचं दूध दिलं, तर बाळाला जुलाब लागले.

शेठजींच्या सुनेलाही त्याच सुमारास मुलगा झाला होता. माझ्याच वयाची असेल ती. एका दुपारी मागच्या दारात उभी राहून ती आमच्याकडे बघत होती. मग खाली आली आणि आक्कापुढं हात पसरले.

"द्या इकडं. मला दूध लई येतंय."

आक्का मागं सरकली. "न्हाय वैनीसाब, कुणी बघितलं तर?"

"सासूबाई झोपल्यात."

स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत, जमिनीवर बसून, तिनं आमच्या बाळाला पदराखाली घेतलं. बाळ पोटभर प्यालं आणि झोपलं. आक्का उंबऱ्यापाशी उभी राहून रडत होती. त्यानंतर रोज दुपारी ते दार उघडायचं. बाळाच्या गालांवर मांस आलं. हाक मारली की हसायला लागलं.

एके दिवशी शेठाणी जागी होती. ती ओरडली नाही. सुनेच्या मांडीवरून बाळ उचलून आक्काच्या हातात दिलं आणि म्हणाली, "आमच्या नातवाच्या वाट्याचं दूध हाय ते."

दुसऱ्या दिवशी दाराला आतून कडी होती. सून माडीवरच्या खिडकीत दिसली, आणि कुणीतरी हाक मारल्यावर आत गेली.

बाळ पुढं फार टिकलं नाही. गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, माझ्या मांडीवर गेलं. आक्का आत कुटत होती. पुरून आल्यावरही तिची चोळी दुधानं भिजत होती. चार-आठ दिवसांनी ती कामाला आली. काय करणार होती दुसरं?

काही वर्षांनी मंदी आली. अमेरिकेतच बाजार कोसळलाय, म्हणून हे झालं, असं दिवाणजी सांगत. वखार अर्धं वर्ष बंद राहू लागली. शेठजींनी मोटार विकली; घर मात्र राहिलं. आमच्या घरी एका वेळची चूल बंद झाली.

त्याच दिवसांत एकदा सून आमच्या दारात आली. सासू वारली होती. आक्कानं तिला पाट दिला.

"पोरगं बरं हाय न्हवं?" आक्कानं विचारलं.

"व्हय. शाळेत जातंय."

"आमची बी गेली असती," आक्का म्हणाली.

सुनेनं तिचा हात धरला. आक्कानं तो सोडवून घेतला नाही, पण तिच्याकडे पाहिलंही नाही.