एका डोमेनच्या दोन ओळी

वडिलांच्या मागे गोविंदपुऱ्यातला कंट्रोल पॅनेलचा कारखाना माझ्या दोघा भावांकडे आला. वाटणी झाली नाही. बोलणं मात्र बंद झालं. एकाच ऑफिसात दोन केबिन, दोन प्रिंटर, दोन ठिकाणचा चहा आणि भाद्रपदात दोन गणपती. सामाईक उरलं फक्त कंपनीचं डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यात शेवटी येणारं नाव, कारण त्याचे तुकडे करता येत नाहीत.

एका जुन्या गिऱ्हाइकाने वर्षभराच्या पुरवठ्यासाठी कोटेशन मागवलं. ही ऑर्डर गेली असती तर निम्मे कामगार घरी बसले असते. मुदत शुक्रवारपर्यंत. दोघांनीही मेल पाठवले आणि दोघांचेही परत आले: पाठवणाऱ्याची ओळख पटत नाही.

बुधवारी मला साकेत नगरच्या माझ्या घरून बोलावण्यात आलं. वर्तमानपत्राची वेबसाइट सांभाळली होती, ही माझी सांगायची पात्रता. दोघांशी बोलते, ही खरी.

डोमेनचं पॅनेल उघडायला पासवर्ड दादाला ठाऊक. ओटीपी यायचा धाकट्याच्या मोबाइलवर.

"त्याला म्हणावं, आकडा दे," दादा म्हणाला.

पार्टिशनपलीकडून धाकटा म्हणाला, "ताई, साहेबांना विचार, मेल बिघडवले कुणी?"

आवाज दोघांनाही ऐकू येत होता. तरीही निरोप माझ्यामार्फतच गेला.

डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, हे सांगणारी एक ओळ त्याच्या नोंदींत असते. तिला एसपीएफ म्हणतात. भावांच्या मेल सेवा वेगळ्या. दोघांनी आपापला माणूस आणून आपापली ओळ टाकून घेतली होती. नियमाने ओळ एकच लागते. दोन दिसल्या की दोन्ही निकामी.

"दोन्ही सेवा एका ओळीत घालते," मी म्हटलं.

"आधी माझी. मी मोठा आहे."

"वयाने! सर्व्हरला वय नसतं, सांग त्यांना."

क्रमाने फरक पडत नाही, हे सांगून पाहिलं. मग माझी आधी घालायला काय हरकत आहे, असं दोन्ही केबिनमधून आलं. शेवटी वर्णानुक्रम लावला. त्यात दादाची आधी आली. धाकट्याने वर्णमालेवर संशय घेतला.

गुरुवारी चाचणीचे मेल पोहोचले. दोघांनी लगेच कोटेशन धाडलं. दुपारी गिऱ्हाइकाच्या खरेदी अधिकाऱ्याचा ऑफिसात फोन आला. मी तो स्पीकरवर टाकला.

"मैडम, अब तो दो-दो आ गए. दोनों असली. रेट अलग-अलग. कंपनी तो एक ही है ना? कल तक एक भेजिए, नहीं तो दोनों रद्द."

दोघेही आपापल्या दारात येऊन उभे होते. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

"वायरिंगचं जास्त लावलं असशील तू," दादा त्याला म्हणाला.

"आणि दादा, तू ट्रान्सपोर्ट धरलाच नसशील."

शुक्रवारी एकच कोटेशन गेलं. ते कुणाच्या मेलवरून जावं, हा वाद सुरू झाला तेव्हा मी पर्स उचलली. आता मध्ये निरोप्या लागत नव्हता.

ऑर्डर मिळाली. पुढच्या भाद्रपदात गणपती मात्र दोनच बसले.