तीन नंबरचे डोळे

भंगार न्यायला आमच्या कारखान्यात दर शनिवारी गाडी येते. किस्से न्यायला कोण येतंय? ते साचतच राहतात! बेळगावात उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेसवर सुपरवायझर म्हणून माझी हयात गेली, पण सगळ्यात जास्त साचले ते पल्लवी आल्यापासून.

*

पल्लवी उचगावची. आयटीआय झालेली. इंटरव्ह्यूला साहेबांनी विचारलं, "नोकरीकडून काय अपेक्षा?"

"सर, लहानपणापासून कार्टूनात बघत आलेय. मनापासून काम केलं की अवजारं आपली दोस्त होत्यात."

साहेब इतके हसले की चहा शर्टावर! पोरगी पास.

*

पहिल्याच दिवशी डबा खाताना मला विचारते, "अण्णा, कामाला लागताना इथं सगळी मिळून गाणं म्हणत न्हाईत?"

"न्हाय गं. इथं एकटा भोंगाच गातो."

लई हिरमुसली.

*

तिला तीन नंबरचा प्रेस दिला. खरं सांगायचं तर तो कुणालाच नको होता. वर्षापूर्वी त्यानं एका ऑपरेटरची दोन बोटं घेतली होती. पल्लवीनं हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी प्रेसवर, वरच्या बाजूला, कागदाचे दोन मोठे डोळे चिकटवले!

"अगं, हे काय?"

"त्याला बोटं दिसली नसतील, अण्णा. कार्टूनात मशीनला डोळं असत्यात की."

आम्ही पोट धरून हसलो.

*

हसला नाही तो आमचा फिटर बापू. आठवड्याभरात तो तीन नंबरच्या मागून जायला लागला.

"बापू, पुढून जा की!"

"नको बाबा. मी जाईन तिकडं बघतंय."

एकदा डाव्या डोळ्याखालून तेल ओघळलं. बापूनं सील बदललं, पण त्याआधी ते तेल स्वतःच्या रुमालानं हळूच टिपलं. मी बघितलं.

*

खंडेनवमीला सगळ्या मशीनना हळदकुंकू, झेंडूचे हार. पूजा झाली की त्या दिवशी बटण दाबायचं नाही, हा आमचा रिवाज. साहेबांना मात्र तीन नंबरवरचं अर्जंट सॅम्पल हवं होतं.

"सर, आज त्याची सुट्टी हाय," पल्लवी म्हणाली.

साहेबांनी स्वतः बटण दाबलं. ढिम्म! बापूनं वायर न् वायर तपासली, काही सापडलं नाही. दसरा झाल्यावर मी दाबलं, लगेच चालू!

साहेब भडकले. "हा पोरखेळ आधी काढा!"

डोळे मीच पट्टीनं खरवडले. पल्लवी बघत होती.

*

दुसऱ्या दिवशी ती रजेवर. तीन नंबरवर मीच बसलो. पीस अडकला म्हणून हात आत घातला आणि नेमका पाय पॅडलवर पडला. प्रेस खाली आला. मी डोळे घट्ट मिटले.

उघडले तर बोटांवर सुपारीएवढी जागा सोडून तो थांबलेला. मोटर चालूच!

बापूनं तासभर तपासलं. "अण्णा, बिघाड काय न्हाय. हा थांबायलाच नको होता."

तेवढ्यात माझा फोन वाजला. पल्लवी.

"अण्णा, हात बरा हाय न्हवं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय. आता त्याला दिसत न्हाय, म्हणून काल सुटताना त्याला सांगून आलते, अण्णांची बोटं जप. म्हटलं, ऐकलं का बघावं!"