जाळी एकाच जागी का चुकते

“आई, मशीन बरोबर आहे. लाकडातच काहीतरी खोट आहे,” मंगेश म्हणाला आणि मी हातातला पॉलिश पेपर त्याच्या पायाशी टाकला.

समोर सागवानाची दुसरी फळी पडली होती. जाळीतली अर्धी फुलं जागच्या जागी, आणि मधल्या ओळीपासून पुढची सगळी एका बाजूला सरकलेली. पहिल्या फळीतही तेच, त्याच ओळीपासून. लाकूड असं ठरवून एकाच जागी खोटं निघत नाही.

काशीमीऱ्याला आमचा गाळा आहे. देव्हारे, दरवाजे, जाळ्या. मिस्टर होते तोवर सगळं हाताने व्हायचं. आता राउटर मशीन आहे. कम्प्युटरवर नक्षी काढायची आणि फिरतं बिट लाकडात ती कोरत जातं. कंपनीचं मशीन परवडलं नसतं, म्हणून मंगेशने लोखंडी बीम, रूळ, मोटरी असं एकेक आणून गाळ्यातच जोडलं. पॉलिश आणि फिटिंग अजून माझ्याकडे.

केतनभाई आमचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक. भाईंदरला त्यांच्या सोसायटीत मंदिर होत होतं. गाभाऱ्याला दोन फळ्यांचं जाळीदार दार हवं होतं. सागवान त्यांचंच, चार फळ्या. दोन कामाच्या, दोन राखीव. राखीव आम्ही खाऊन बसलो होतो आणि मूर्तीच्या प्राणप्रतिष्ठेची तारीख पत्रिकेत छापली गेली होती.

घरी बनवलेल्या मशीनचं एक दुखणं असतं. आपण कुठे आहोत ते त्याला दिसत नाही. मोटरीला ‘इतकं फिर’ सांगितलं की ती फिरली असं मशीन धरून चालतं. लाकडात गाठ आली, बिट अडलं, मोटर घसरली, तरी मशीन आपलं पुढे. डोळे मिटून पावलं मोजत चालणाऱ्या माणसासारखं. मोठ्या कारखान्यात त्यासाठी जागा मोजणारी काचेची स्केल बसवतात. तिची किंमत ऐकून मंगेशने फोनच ठेवला होता.

मग त्याने स्वस्तातला उपाय शोधला. एक काळी पट्टी, आत बारीक बारीक चुंबकांची ओळ. पट्टी बीमला चिकटवायची. बाजूने एक छोटा रीडर सरकतो, चुंबकं मोजतो आणि मशीनला सांगतो, बाबा रे, तू खरोखर इथे आहेस. कमी पडलं असेल तर मशीन स्वतःच सरकून भरून काढतं. पट्टी बसली आणि काम सुतासारखं सरळ झालं. त्यावरच तर केतनभाईंनी मंदिराचं दार आम्हाला दिलं.

आता तेच केतनभाई फळीवर हात ठेवून उभे होते.

“मौसी, ये क्या है? भगवान के दरवाजे पे फूल टेढ़ा?”

“टेढ़ा है वो मुझे भी दिखता है. बैठो, चाय पियो.”

“चाय नहीं चाहिए. ठाणेवाला एकदम सीधा काटके देता है. कल टेम्पो लेके आता हूँ. दरवाजा नहीं बना तो लकड़ी उठाके उधर डालूंगा. आगे का काम भी उधर ही.”

जाताना त्यांनी बीमवरच्या गणपतीला नमस्कार केला. तो त्यांनीच आणलेला. गाडीच्या डॅशबोर्डवर असतो तसला, बोटभर. मंदिराचं काम दिलं त्या दिवशी त्यांनी तो स्वतःच्या हाताने बीमच्या मधोमध ठेवला होता. “अब नजर नहीं लगेगी.” टक् करून बसला. मशीन कितीही थरथरलं तरी हलत नाही, याचं आम्हाला कौतुकच होतं.

मंगेशने मोटरी आवळल्या. वायरी बदलल्या. कम्प्युटरमधला प्रोग्रॅम पुसून पुन्हा टाकला. इंटरनेटवर कोणाकोणाला विचारलं, प्रत्येकाने वेगळंच सांगितलं. रद्दी एमडीएफवर, म्हणजे भुशाच्या दाबलेल्या फळीवर, टेस्ट घेतली. त्याच ओळीपासून फुलं सरकली.

“फेकून दे ती पट्टी,” मी म्हटलं. “स्वस्तातलं असंच असतं.”

“आई, तू जरा गप्प बस ना.”

मी झाडलोट करायला लागले. गणपतीच्या तोंडावर भुसा साचला होता. तो पुसला आणि भुसा कमी उडतो तिकडे, बीमच्या टोकाजवळ, सरकवून ठेवला. मंगेशने पुन्हा टेस्ट घेतली आणि तो ओरडलाच.

“आता दोन जागी चुकतंय! कशाला हात लावलास?”

“मशीनला नाही लावला. देवाला लावला.”

त्याने गणपतीकडे पाहिलं. गणपतीखाली पाहिलं. पट्टी तिथून बोटभर अंतरावर होती. त्याने गणपती ओढून काढला, तळाशी स्क्रू ड्रायव्हर नेला. टक्.

“आई, हा चुंबकावर बसतो.”

“मग? गाडीतही तसाच बसतो.”

“जिथे जिथे हा बसला, तिथे याच्या चुंबकाने पट्टीतली चुंबकं बिघडवली. रीडर तिथे आला की त्याची मोजणी चुकते. मशीनला वाटतं आपण मागे राहिलो, ते आणखी पुढे सरकतं.”

चुंबक जवळ आणू नका, असं पट्टीच्या पाकिटावर चित्रासकट छापलं होतं. मंगेशने ते वाचलंही होतं. स्पीकर लांब ठेवला होता, माझा मोबाईलही तो मशीनजवळ येऊ देत नव्हता.

“देवावर कोण संशय घेतो?” तो म्हणाला. हे मात्र खरं होतं.

रोलमध्ये पट्टी उरली होती. जुनी खरवडून नवी लावली. एमडीएफ सरळ कापला गेला. मग तिसरी फळी चढवली. ती संपेपर्यंत मी बंद करायच्या बटणावर हात ठेवून उभी होते. मग चौथी.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. केतनभाईंनी जाळीवरून बोट फिरवलं. “एकदम फर्स्ट क्लास! खराबी क्या थी?”

मंगेश माझ्याकडे बघायला लागला. तो सांगणार नव्हता.

“आपका गणपती,” मी म्हटलं.

“मौसी! बाप्पा को क्यों बीच में लाती हो?”

“मैं नहीं लाई, आप लाए. एकदम बीच में.”

सगळं समजावल्यावर ते हसले नाहीत, पण दार टेम्पोत चढवलं. प्रतिष्ठा वेळेवर झाली. बिघडलेल्या फळ्यांचे मी पाट करून दिले. गणपती आता गाळ्याच्या दाराशी लाकडी देव्हाऱ्यात आहे. तिथे भुसाही कमी उडतो.

मोजायची पट्टी स्वस्तातली चालते, हे मला आता पटलंय. तिच्याजवळ कोण काय घेऊन येतं, हे बघायला मात्र माणूस लागतो. आमच्याकडे ते काम माझ्याकडे आहे. परवा केतनभाई नव्या कामाचं लाकूड घेऊन आले आणि त्यांनी हसत खिशात हात घातला.

“मौसी, इस बार हनुमानजी.”

मी दारातच हात पुढे केला. “पहले उल्टा करके दिखाओ.”