आबांच्या बोटातली कूस

हे मी आजवर नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय, आणि गंमत बघा — सांगायचं आहे ते शरमेचं, पण ती सकाळ आठवली की अजूनही छाती धडधडायला लागते. आनंदानं! तो आनंद आधी सांगू द्या, म्हणजे पुढचं बोलायला धीर येईल.

मी कराडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, राहते उंब्रजला, सासरी. चहूकडे ऊस, आणि माझा जीव मात्र समुद्राच्या तळातल्या बारीकसारीक प्राण्यांत. आहे की नाही उलटी गंगा? सुट्टी लागली की पाटणवरून घाट उतरून कोकणात जायचं, मासळी निवडून झाल्यावर जाळ्यात जो कचरा उरतो तो मागून घ्यायचा, आणि स्पिरिटच्या बरण्या भरून घरी यायचं. बंदरावरच्या बायका हसायच्या. मीही हसायची.

एका खेपेला समुद्री झुडपाच्या फांदीला वेटोळं घातलेला एक किडा आला. बोटाच्या पेराएवढा, पिवळसर, ना डोळे ना पाय. मी तो भिंगाखाली पाहिला — किती वेळ? मिनिटभरसुद्धा नाही. साधा केसाळ किडा, म्हणून टाकाऊ मालाच्या बशीत टाकला. हो, टाकला. पोरांना 'नीट बघा, नीट बघा' म्हणून ओरडणारी बाई मी.

माझे सासरे, आबा. फौजेतून परत आल्यापासून ऊस लावतात. सोप्यातलं माझं टेबल आवरायला त्यांना आवडतं. ती बशी ते बाहेर ओतायला निघाले, किडा घसरला म्हणून बोटानं सावरायला गेले — आणि झटक्यात हात मागे घेऊन डोक्याच्या केसांवर घासायला लागले. उसाच्या पाचटाची कूस, ती बारीक टोचरी लव, हातात गेली की ते असंच करतात.

"अगं पोरी, ह्येच्या अंगाला उसागत कूस हाय की!"

मी मान वरही केली नाही. म्हटलं, "केस असतात आबा त्याला."

"केस न्हाई. केस वाकतो पोरी. ह्ये तर मोडलं."

मोडलं? मी ताडकन उठले. खिडकीशी आबांचं बोट धरलं आणि चिमट्यानं एकेक करत तीन सुया काढल्या. सूक्ष्मदर्शकाखाली पाहते तर काचेसारख्या लखलखीत! स्वयंपाकघरात धावले, लिंबू कापलं, एका सुईवर थेंब सोडला — आणि बुडबुडे! बुडबुडे, अहो! म्हणजे चुना. साध्या केसाळ किड्याचे केस चुन्याचे नसतात. हा किडाच नव्हता. शंख-शिंपल्यांच्या भावकीतला, पण शंखही नाही नि शिंपलाही नाही, नुसत्या चुन्याच्या सुया पांघरलेला प्राणी — असले मी फक्त पुस्तकात पाहिले होते. मी लहान पोरीसारखी ओरडले. आबांना काही कळलं नाही, पण तेही टाळ्या पिटत हसत होते.

पुढे सांगलीच्या माझ्या मार्गदर्शक सरांबरोबर कितीतरी महिने त्याच्यामागे घालवले. पोटाखालची बारीक खाच पाहिली, तोंडातले दात पाहिले, जगभरच्या जाती ताडून पाहिल्या. जात नवीन निघाली. नवीन!

आणि मग — थांबा, आता येतंच आहे ते.

नव्या जातीला स्वतःचं नाव द्यायचं नाही, असा आमच्यात शिरस्ता आहे. आबांनी एकदा सहज विचारलं, "मग कुणाचं देत्यात गं?" ज्याच्यामुळे सापडली त्याचंही देतात. मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "मोठ्या माणसाचं." त्यांनी मान डोलावली. नाव सरांचं दिलं.

गावात सत्कार झाला. आबा पहिल्या रांगेत, परीटघडीची टोपी घालून. मी माईक धरला आणि म्हणाले — मी तो किडा उचलला, उसाची कूस टोचावी तसं बोटाला टोचलं, आणि शेतकऱ्याच्या घरची सून म्हणून मला कळलं, की केस वाकतो, हे तर मोडलं. त्यांचं वाक्यसुद्धा सोडलं नाही मी. टाळ्यांचा नुसता कडकडाट! आबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग तेही टाळ्या वाजवायला लागले, शेजारच्यापेक्षा जोरात.

का केलं असं? कुणी मागितलं होतं? कारण शोधायला बसले तर चार सापडतील, आणि चारही सबबी निघतील.

उलट घरी पाव्हणे आले की आबाच सांगतात, "आमच्या सुनंचं बोट लय हळवं. टोचल्याबरुबर वळखलं तिनं." मी आत चहा गाळत ऐकते.

उरलेल्या दोन सुया आता एका संग्रहालयात आहेत. स्लाइड क्रमांक एक. तिच्या चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात लिहिलंय — 'प्राण्याच्या पाठीवरून काढलेल्या सुया.' त्या पाठीवरून काढलेल्या नाहीत. आबांच्या उजव्या हाताच्या बोटातून काढल्यात, आणि तो प्राणी मी टाकून दिला होता.