नुसता वाट पाहणारा नववा

ऑफिसात तिला सगळे अक्काच म्हणत, साहेबसुद्धा. तपासणीचे अहवाल डॉक्टरांकडे पोचवणारा प्रोग्राम तिने एकोणीस वर्षं पोटच्या पोरासारखा सांभाळला होता. त्यात आठ थ्रेड एकाच वेळी राबत. एकाच घरातली आठ कामाची माणसं म्हणा ना. कुणी अहवाल वाचतंय, कुणी पाठवतंय, कुणी नोंदवही लिहितंय.

त्या आठवड्यात प्रोग्राम बंद करायला गेलं की मधूनच गोठायचा. नवी सहकारी मेटाकुटीला आली.

"अक्का, थांबायचा सिग्नल पोचतोय. मग हा हटून का बसलाय?"

"पोचतोय, पण कुणाकडे?" अक्काने खुर्ची जवळ ओढली. "सिग्नल येतो घराच्या नावावर. ज्याचे कान उघडे, त्या कुणालाही गाठतो. आज गाठलं नोंदी लिहिणाऱ्याला. त्याने वहीला कुलूप घातलेलं, आणि थांबण्याआधी त्याच वहीत लिहायचं, 'थांबतोय'. आता कुलूप कुणीतरी काढेल म्हणून बसलाय."

"आणि किल्ली त्याच्याच खिशात! मग करायचं काय?"

"आधी मुख्य थ्रेडचे कान बंद करायचे, मग बाकीचे जन्माला घालायचे. आईचं वळण पोरं उचलतातच. आणि एक नववा ठेवायचा. त्याने फक्त सिग्नलची वाट पाहायची."

"दिवसभर नुसता बसणार? अगदी आमच्या घरच्यांसारखा! थोडं काम देऊ या की त्याला."

"नको." अक्का एवढ्या झटकन म्हणाली, की ती पोरगी चपापलीच. "हात गुंतलेल्या माणसाकडे निरोप आला, की निरोपाचं मातेरं होतं."

हे ती कुठल्या पुस्तकात शिकली नव्हती. धाकटा भाऊ वडिलांशी भांडून घर सोडून गेला, त्याला बावीस वर्षं झाली. तो गेल्यावर चार महिन्यांनी एका रविवारी दुपारी घरचा फोन वाजला. घरात पाच माणसं. प्रत्येकाला वाटलं, दुसरं कुणी उचलेल. शेवटी अक्का धावली, हातात सांडशी घेऊनच.

"अक्का, मी बोलतोय."

"अरे! थांब, दूध उतू चाललंय. दोन मिनिटांनी कर."

ती दोन मिनिटं अजून संपली नव्हती. आईवडील गेले, घर दोनदा बदललं. फोनचा नंबर मात्र तिने दर वेळी सोबत नेला. आणि रविवारी दुपारी ती फोनशेजारी बसे. शेगडी बंद, विणकाम नाही, पेपर नाही.

त्या रविवारीही बसली होती. फोन वाजला, आणि पहिली घंटी पुरी व्हायच्या आत तिने उचलला.

"अक्का, मीच! मोबाईल लागेना तुमचा. आत्ता प्रोग्राम बंद करून पाहिला. नववा एका हाकेत उठला, सगळ्यांना नीट आवरायला लावलं!" सहकारी हसली. "आणि तुम्हीही काय झटकन उचललात हो. काही करत नव्हतात वाटतं?"

"नाही गं," अक्का म्हणाली. "काहीच करत नव्हते. छान झालं हो. ठेवते आता, फोन मोकळा राहू दे."