मिठाच्या पाण्यात घातलेलं कापड

नवं कापड शिवायला घेण्याआधी मिठाच्या पाण्यात भिजवायचं, हे मला मुद्दाम कुणी शिकवलं नाही. रत्नागिरीला आमच्या घरात सगळ्याच बायका तसं करत. जायचा तो रंग आधीच जातो, आटायचं तेवढं कापड आटतं, आणि मग शिवलेला कपडा अंगावर आल्यावर दगा देत नाही. कतारला येऊन मी घरबसल्या शिवणकाम सुरू केलं तेव्हाही हा नियम मोडला नाही. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की मी सरळ सांगायची, एवढी घाई असेल तर मॉलमधून तयार घ्या. माझ्या हातून कापड बिघडत नाही, असा माझा तोरा होता.

अल अझीझिया भागात एका व्हिलाचे सहा तुकडे करून भाड्याने दिलेत, त्यातल्या एका तुकड्यात आम्ही राहतो. शेजारच्या तुकड्यात आफ्रिकेतल्या माली देशाची एक बाई राहायची. सलूनमध्ये वेण्या घालायची नोकरी करायची. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच मोडकं. अडलं की दोघी 'खलास' म्हणून हातवाऱ्यांवर यायचो. पंधराव्या रोजाला ती एक कापड घेऊन आली. ईदसाठी तिला पायघोळ झगा शिवून हवा होता.

कापड पाहून मी मशीनवरून उठलेच. गडद निळं, त्यावर पांढरी वर्तुळं, आणि प्रत्येक वर्तुळाच्या कडेला दोऱ्याने गच्च आवळल्याच्या बारीक खुणा. आपल्या बांधणीची थोरली बहीणच म्हणा ना. पण बांधणी मऊ असते. हे पापडासारखं कडक होतं, आणि चकाकी अशी की वरची ट्यूबलाइट त्यात दिसत होती. घडी उलगडली की कडकड वाजायचं. मी मापं घेतली, दोऱ्याचा रंग जुळवायला काठाची बोटभर चिंधी कापून पर्समध्ये टाकली, आणि ती गेल्यावर बादलीत मूठभर मीठ घालून कापड बुडवलं.

तिने मला काही बजावलं नव्हतं. असं कापड कुणी शिवण्याआधी पाण्यात घालेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नसणार. मीही विचारलं नाही, कारण न भिजवता कात्री लावणारी बाई आमच्याकडे गबाळी ठरते.

तासाभराने पाणी निळं आणि बुळबुळीत झालं होतं. मी ते बाहेरच्या नळाजवळच्या मोरीत ओतलं आणि कापड दोरीवर घातलं. ते लोंबतच राहिलं. वाळल्यावर हातात घेऊन पाहिलं. चकाकी गेली होती. आवाज गेला होता. मी खळ घातली, इस्त्री फिरवली, पुन्हा खळ घातली. कडकपणा थोडा परतला, चकाकी काही परतली नाही. शाळेतून आलेल्या माझ्या मुलीने दप्तरही न उतरवता ते बघितलं आणि म्हणाली, "मम्मी, यू ड्राउन्ड इट." मी तिच्यावर उगाचच खेकसले.

दुसऱ्या दिवशी शेजारीण आली तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. भांडायला मला येतं. तिने नुसता तळहात कापडावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, तापलेल्या मुलाच्या अंगावरून फिरवतात तसा. मग खाली बसली आणि फोनवर मला एक व्हिडिओ दाखवला.

तिच्या गावच्या, बामाकोतल्या एका घराचं अंगण. मधे लाकडाचा ओंडका, त्यावर कापड, आणि समोरासमोर बसलेले दोन पुरुष. दोघांच्या हातांत जड लाकडी मोगऱ्या. एकाची वर गेली की दुसऱ्याची खाली. ठक-ठक, ठक-ठक, एकदाही चुकामूक नाही.

"आई गाठी बांधते आणि रंगवते," ती म्हणाली. "खळ देऊन वाळवलं की कापड माझ्या भावाकडे. चमक येईपर्यंत तो कुटतो." तिने डावीकडच्या बनियनवाल्या माणसावर बोट ठेवलं. "हा. हे त्याने कुटलेलं शेवटचं. मग ताप आला. मला जाता आलं नाही, सिस्टर. हे कापड तेवढं आलं."

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, की पुन्हा कुटून घेता येईल ना?

"कुटणारे गल्लीगल्लीत आहेत," ती म्हणाली. "तो हात नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. झगा तसाच शिव, असं सांगून ती कामाला गेली. त्या दिवसापासून मला तो आवाज ऐकू यायला लागला. भर दुपारी, मुलगी शाळेत, नवरा ऑफिसात, मी मशीन थांबवली की ठक. एकच. मग मी दुसऱ्याची वाट बघत बसायची आणि तो यायचा नाही. एकदा बाहेर जाऊन पाहिलं. तिच्या दाराला कुलूप होतं. नळाखाली बादली लावायला गेले, तर मोरीवर पाय टाकवेना. मय्यतीच्या आंघोळीचं पाणी ओलांडू नये, असं आमच्याकडे म्हणतात. मी लांबून वळसा घालून नळ गाठला, आणि मग रोज तसाच गाठत राहिले. मला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त लाज.

ईद दोन दिवसांवर आली तरी झग्याच्या गळ्याला लावायचा दोरा आणायचा राहिला होता. दुकानात पर्स उघडली आणि बोटांना काहीतरी कडक लागलं. ती चिंधी. पाणी न लागलेली. तिच्यात दुकानातला दिवा दिसत होता. दोरा न घेताच मी घरी आले आणि तिचं दार वाजवलं.

तिने चिंधी कानाशी नेली आणि वाकवली. कड. डोळे मिटले, पुन्हा वाकवली.

"आहे," ती म्हणाली.

झग्याच्या आत, डाव्या खांद्याशी, ती मी हाताने शिवली. चारच टाके. दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं करून सुईत ओवायची माझी जन्माची सवय. त्या दिवशी कोरडंच टोक ओवलं, सात वेळा चुकून.

ईदची नमाज झाल्यावर ती तो झगा घालून आमच्या दारात आली. कापड अंगावर मलूल पडलं होतं. आम्ही गळाभेट घेतली, आणि अगदी माझ्या कानाशी ती चिंधी वाजली.

"माफ कर," मी म्हणाले. तिला वाटलं मी तिलाच म्हणतेय. तिने माझी पाठ थोपटली.