ताडपत्रीआडची करडं

अक्काचं लग्न मोडलं तेव्हा ती माहेरी परतली आणि भावाच्या शेळ्यांत रमली. पुढे भाऊ गेला. मागे उरल्या दोघी, अक्का आणि तिची भावजय, आणि शेळ्यांनी भरलेला गोठा. अक्का तोंडाची फटकळ. आडव्या आलेल्या शेळीलाही सुनवायची, "वरातीला उभी आहेस का? सरक!" भावजय पदराआड खुदकन हसायची.

त्या हिवाळ्यात करडं खोकू लागली. आधी एक गेलं, मग रोज एखादं. पहिल्याला अक्का रडली. पुढे मेलेलं करडू ओल्या फडक्यासारखं उचलायची, बाहेर ठेवायची, हात धुऊन चहा प्यायची. चहाला चव नसायची.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी मेलेलं करडू गोणपाटावर चिरलं. फुप्फुस कलेजीसारखं घट्ट झालेलं.

"न्यूमोनिया," त्या म्हणाल्या. "आत उभं राहिलं की डोळे चुरचुरतात. मुताचा वास कोंडलाय, तोच यांच्या छातीत जातो. अशी चारी बाजूंनी ताडपत्री कोणी बांधली?"

"मीच," भावजय म्हणाली. "थंडी बाधू नये म्हणून."

डॉक्टरीणबाईंचा आवाज उतरला. "खालून वारा लागू द्यायचा नाही, बरोबर आहे. पण वरून हवा खेळती हवी, ताई."

अक्काने विळा घेतला आणि वरच्या दोऱ्या कापायला लागली. भावजय तिच्या मागे मागे.

"अक्का, बोला हो काहीतरी. शिव्या तरी द्या!"

अक्काने आणखी एक दोरी कापली. मनात ना राग होता, ना माया.

"खालचं ओलं गवत काढ," ती म्हणाली. "कोरडं पसरू."

इंजेक्शनं झाली. तरी आणखी काही करडं गेलीच. मग खोकला ओसरला, उरलेली उड्या मारू लागली. अक्का त्यांच्याकडे दुसऱ्याची जनावरं बघावीत तशी बघायची.

एका सकाळी धार काढता काढता भावजय थांबली. "मीच मारली ती."

"कासंडी नीट धर, सांडेल."

जरा वेळाने अक्का तिच्या शेजारी येऊन टेकली, दुसरी शेळी पुढ्यात ओढली. "मला तरी कुठे कळलं? रोज त्याच वासात वावरत होते मी."

भावजयीला हुंदका फुटला. अक्काला रडू आलं नाही. ती धार काढत राहिली.